मोटारहोमच्या छताची शिवण : कापड टाकण्याआधी दोरा तपासावा

प्रति,
माननीय संपादक,
रविवार पुरवणी विभाग

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ऑस्ट्रेलियातील मोटारहोमच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या वाहनाच्या, प्रवासावर प्रसिद्ध झालेला लेख मी येथे, व्हिक्टोरिया राज्यातील जिलाँग शहरात, संगणकावर वाचला. प्रवासाचे वर्णन सुरेख उतरले आहे, आणि नलारबॉरच्या माळावरील सुमारे १४६ किलोमीटरच्या त्या सरळसोट रस्त्याचा कंटाळाही लेखकाने प्रांजळपणे नोंदवला आहे. लेखासोबतच्या चौकटीत मात्र जुने वाहन विकत घेणाऱ्यांसाठी एक सल्ला दिला आहे. वाहनाच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छताची, म्हणजे ऑनिंगची, शिवण उसवू लागली असेल तर कापडाचे आयुष्य संपले असे समजून नव्या कापडाचा खर्च किमतीतून वजा करून मागावा, असा त्याचा आशय आहे. घासाघीस करण्यासाठी हे ठीक असेल. पण वस्तुस्थिती म्हणून ते बहुतेक वेळा चुकीचे आहे, आणि ते खरे मानून अनेक जण धडधाकट कापड कचऱ्यात टाकतात. सात वर्षांपूर्वी तसेच करण्याच्या बेतात मीही होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे बालपण इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात गेले. घरात सूत, कांड्या आणि धोटे यांवाचून दुसरा विषय नसे, त्यामुळे कापड आणि दोरा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकीची तब्येत पाहून दुसरीचे निदान करू नये, हे मला लहानपणापासून ठाऊक असायला हवे होते. तरीही आमच्या जुन्या मोटारहोमच्या ऑनिंगची मधली शिवण वाऱ्यात हातभर उसवली तेव्हा मी वाहन घेऊन सरळ एका दुकानात गेलो. तेथील गृहस्थांनी खाली उभे राहून वर एक नजर टाकली आणि पूर्ण कापड बदलावे लागेल, अशा कापडाची शिवण आम्ही करत नाही, असे सांगून मजुरीसह अंदाजपत्रक हातात ठेवले. तो आकडा पाहून मी घरी परतलो, शिडी लावली आणि त्या शिवणीकडे प्रथमच वरून पाहिले.

वरच्या बाजूचा दोरा नखाने नुसता खरवडला तरी त्याचा भुसा होऊन खाली पडत होता. खालच्या बाजूचा, म्हणजे यंत्रातल्या बॉबिनमधून आलेला दोरा मात्र शाबूत होता. त्याचे टोक धरून ओढले तेव्हा तो अखंड दोन-अडीच फूट निघून हातात आला. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, बहुधा एकाच रिळातून शिवलेले हे दोन दोरे. त्यांतला एक उन्हात होता आणि दुसरा त्याच कापडाच्या सावलीत, एवढाच काय तो फरक. दोन्ही दोऱ्यांच्या मधले कापड मी अंगठ्यांनी दाबून, ताणून, मुठीत चुरगळून पाहिले. ते जागचे हलले नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चांगल्या प्रतीची ऑनिंग ज्या अॅक्रिलिक कापडाची असते त्याचा रंग विणून झाल्यावर चढवलेला नसतो. तंतू ओढण्याआधीच तो द्रावणात मिसळलेला असतो, आणि अॅक्रिलिक हा तंतू मुळातच उन्हाला दाद न देणारा आहे. सनब्रेलासारखे उत्पादक आपल्या ऑनिंगच्या कापडाची १० वर्षांची हमी देतात ती याच भरवशावर. शिवणकामाचा दोरा मात्र बहुधा पॉलिएस्टरचा असतो. पॉलिएस्टर मजबूत आहे, ताण चांगला सोसतो, परंतु सूर्याच्या अतिनील किरणांपुढे तो अॅक्रिलिकइतका टिकत नाही. त्यातच या कापडाची वीण इतकी घट्ट असते की सुती कापडात टाका जसा रुततो तसा येथे रुतत नाही. तो पृष्ठभागावर उंचवट्यासारखा उभा राहतो. मग दिवसभर ऊन त्यालाच लागते, छत गुंडाळताना आणि उलगडताना घासला जातो तोही तोच. येथे उन्हाळ्यात अतिनील निर्देशांक ११ च्या वर जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. अशा उन्हात कापडाच्या निम्म्या आयुष्यातच दोरा मान टाकतो, त्यामुळे ऑनिंगच्या जन्मात एकदा तरी शिवण नव्याने घालावी लागणे ही नैसर्गिक गोष्ट मानली पाहिजे.

शिवणीवर ताण येण्याचे आणखी एक कारण छताच्या रचनेतच आहे. युरोपात विणल्या जाणाऱ्या अशा कापडाचा पन्हा साधारण १२० सेंटिमीटर असतो. म्हणजे चार मीटर लांबीच्या छताला कापडाचे चार पट्टे लागतात आणि त्यांच्यामध्ये तीन जोड येतात. हे जोड वाहनाच्या भिंतीपासून समोरच्या गुंडाळीच्या नळीपर्यंत जातात. जोडाच्या जागी कापड दुहेरी, त्यामुळे गुंडाळताना तेथे जाडी वाढते, जोड इतर कापडापेक्षा जास्त खेचला जातो आणि दोन जोडांमधला भाग किंचित झोळ पडल्यासारखा दिसतो. पुष्कळ लोक तो झोळ पाहून कापड सैल पडले, आता गेले, असा निष्कर्ष काढतात. तो दोष दिसण्यापुरता आहे. खरा धोका पावसाच्या पाण्याचा. चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद छत म्हणजे दहा चौरस मीटर. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडून पाणी साचले तर ते १०० लिटर, म्हणजे १०० किलो होते. खंगलेल्या दोऱ्याला एवढे ओझे पुरेसे असते. म्हणूनच पावसात छत उघडे ठेवायचे असेल तर पुढचा एक खांब दुसऱ्यापेक्षा चांगला हातभर खाली घ्यावा आणि पाण्याला वाट करून द्यावी. वारा सुटला तर छत मिटून घ्यावे हेच उत्तम.

आता दुरुस्तीविषयी. लेखाच्या वाचकांपैकी ज्यांची मुले येथे आहेत आणि जे हिवाळ्यात इकडे येऊन जुने वाहन घेऊन भटकतात, त्यांना ते उपयोगी पडेल असे वाटते.

पहिली गोष्ट, आपले कापड कोणते हे ओळखावे. वीण डोळ्यांना दिसत असेल, दोन्ही बाजूंचा रंग सारखा असेल आणि स्पर्श कापडाचा असेल तर ते बहुधा अॅक्रिलिक आहे आणि ते पुन्हा शिवता येते. गुळगुळीत, रेक्झिनसारखे लागणारे व्हिनाइल असेल तर त्याला सुई लावू नये. त्याचे जोड बहुधा उष्णतेने वितळवून सांधलेले असतात. तेथे शिवण घालणे म्हणजे टपाल तिकिटाच्या कडेसारखी छिद्रांची रांग पाडून फाटण्याला वाट दाखवणे होय. त्यासाठी गरम हवेने सांधणारा कारागीरच गाठावा. अॅक्रिलिक कापडही फार जुने होऊन कागदासारखे फाटू लागले असेल, किंवा सुई टोचताच भोकाभोवती तडकत असेल, तर मात्र लेखकाचा सल्ला बरोबर आहे आणि शिवणीवर श्रम घालवण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, एकच जागा उसवली म्हणून तेवढीच शिवून थांबू नये. सगळ्या शिवणींनी सारखेच ऊन खाल्लेले असते. एक गेली की बाकीच्या रांगेत उभ्या असतात. आमच्या छताचा मी हिशेब केला होता: तीन जोडांवर प्रत्येकी दोन ओळी, दोन्ही बाजूंच्या दुमडी, पुढची झालर आणि भिंतीच्या व नळीच्या खाचेत सरकवण्याच्या दोरीच्या दोन पट्ट्या, असे मिळून ३० मीटरहून थोडी अधिक शिवण. वर-खाली अशा दोन्ही दोऱ्यांचा विचार करता त्याला सुमारे १०० मीटर दोरा लागतो. टेक्स १३५ जातीचा दोरा घेतला तर त्याचे वजन साडेतेरा ग्रॅम भरते, कारण टेक्सचा आकडा म्हणजे १००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधले वजन. एवढे मोठे छत सव्वा तोळ्याच्या आतल्या दोऱ्यावर तोललेले असते. (इचलकरंजीकरांसाठी सूचना: आपल्या सुताच्या काउंटमध्ये आकडा वाढला की सूत बारीक होते, टेक्समध्ये आकडा वाढला की दोरा जाड होतो. मी पहिल्या खेपेस दुकानातून उलटाच दोरा घेऊन आलो होतो.)

दोरा कोणता घ्यावा यावर येथील हौशी मंडळींमध्ये वाद झडत असतात, आणि त्यात माझे मत स्पष्ट आहे. नायलॉन घेऊ नये; ओढून पाहिल्यास तो पॉलिएस्टरपेक्षा दणकट वाटतो, पण उन्हात लवकर खचतो आणि ओला झाला की लांबतो. साधा सुती दोरा बुरशीने कुजतो. उन्हासाठी बनवलेला, तंतू एकमेकांना चिकटवलेला पॉलिएस्टर दोरा स्वस्त आहे आणि ज्यांचे छत वर्षातून काही आठवडेच उघडते त्यांना तो पुरतो. ज्यांचे छत महिनोन् महिने उन्हात राहते त्यांनी मात्र पीटीएफई दोऱ्याचा विचार करावा. न चिकटणाऱ्या तव्यावर ज्याचा लेप असतो त्याच पदार्थाचा हा दोरा, टेनारा या नावाने मिळतो. उन्हाचा आणि ओलाव्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. किंमत पॉलिएस्टरच्या कित्येक पट असली तरी वर सांगितलेल्या १०० मीटरांच्या हिशेबात ती नव्या कापडाच्या जवळपासही पोचत नाही. त्याची खोड एवढीच की तो अतिशय निसरडा असतो; गाठ मारून विश्वास ठेवू नये, ओळीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन इंच उलटसुलट शिवून तो अडकवून टाकावा. पॉलिएस्टरची टोके मेणबत्तीवर जराशी भाजून बसवता येतात, याची येत नाहीत.

सुती-पॉलिएस्टर मिश्र जाड कॅनव्हासचे छत किंवा त्याला लावायच्या कनाती असतील तर मात्र हा महाग दोरा नको. तेथे आत पॉलिएस्टरचा गाभा आणि वर सुताचे वेष्टन असलेला दोरा वापरतात. तो ओला झाला की सूत फुगते आणि सुईने पाडलेले छिद्र स्वतःच बुजवते. म्हणून असे कॅनव्हास शिवल्यानंतर दोन-तीन वेळा पाण्याने चिंब भिजवून पूर्ण वाळू द्यावे आणि मगच पावसात न्यावे.

कापड नळीवरून उतरवताना घ्यायची खबरदारी मी दुरुस्तीपेक्षाही महत्त्वाची मानतो. ऑस्ट्रेलियात सर्रास दिसणाऱ्या, हाताने ओढून उघडायच्या छतांच्या नळीत पीळ दिलेली जोरदार स्प्रिंग असते. टोकाची टोपी बेसावधपणे काढली तर नळी भोवऱ्यासारखी फिरून बोटे आणि मनगट जायबंदी करू शकते. स्प्रिंग खिळीने अडकवणे ज्यांना जमत नसेल त्यांनी तेवढ्या कामासाठी जाणकाराला बोलवावे. वाहनाच्या दुकानांवर मी टीका करत असलो तरी या कामाचे पैसे मी त्यांना आनंदाने दिले.

शिवणकाम अखेर कोणी केले, हे सांगितले पाहिजे. जिलाँग हे समुद्रकाठचे गाव असल्याने येथे शिडाच्या नौका पुष्कळ आहेत, आणि नौकांची शिडे शिवणारे कारागीरही आहेत. त्यांच्यापैकी एका वयस्कर गृहस्थांकडे मी कापडाची वळकटी घेऊन गेलो. त्यांनी ती उलगडली, नखाने शिवण खरवडली, कापडाचा कोपरा दोन्ही हातांनी ताणला आणि काम घेतले. मी घरी बसून जुन्या शिवणीचे दोरे काढून आणण्याची तयारी दाखवली तेव्हा ते जवळजवळ ओरडलेच. जुनी शिवण आधी काढायची नाही. ती कशीबशी का होईना, दोन पट्टे मूळच्या जागी धरून ठेवते. तिच्या शेजारून नवी ओळ घालायची आणि मग जुने दोरे काढायचे. जेथे जोड पूर्ण सुटला असेल तेथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी अरुंद पट्टी लावून कापड आधी बसवून घ्यायचे, टाचण्या टोचायच्या नाहीत, कारण प्रत्येक भोक म्हणजे पावसाला दार. टाके फार दाट घालायचे नाहीत, चार ते पाच मिलिमीटरचा टाका ठेवायचा. सुई दोऱ्याला पुरेल एवढीच जाड घ्यायची, उगाच मोठी नको. टेक्स ९० च्या दोऱ्याला ११० क्रमांकाची, म्हणजे १.१ मिलिमीटर जाडीची सुई पुरते. आणि शिवण्यापूर्वी कापड सौम्य साबणाने, कोमट पाण्याने धुऊन वाळवलेलेच हवे, कारण विणीत अडकलेली वाळू सुई बोथट करते. ही शेवटची अट मी पाळली नव्हती. त्यांनी वळकटी परत हातात दिली आणि दोन दिवसांनी यायला सांगितले.

ज्यांच्याजवळ असा कारागीर नाही त्यांना घरचे शिलाई यंत्रही काही प्रमाणात साथ देते. जुने पायाचे यंत्र दोन-तीन पदरांतून टेक्स ७० चा दोरा व्यवस्थित ओढते. अडचण दोऱ्याची नसून यंत्राच्या गळ्यातून दहा चौरस मीटर कापड सरकवण्याची आहे. त्यासाठी दोन्ही बाजूंनी वळकटी करून, क्लिपांनी बांधून, एकाने कापड धरावे आणि दुसऱ्याने शिवावे. आमच्या घरी असा प्रयोग एकदा कनातीवर झाला आणि पुढचे दोन दिवस उभयतांचे फारसे बोलणे नव्हते.

प्रवासातच शिवण गेली तर हाताने टाके घालण्याला पर्याय नाही, आणि येथेच मला आपल्याकडच्या एका अवजाराची आठवण झाली. येथील दुकानांत लाकडी मुठीचा, आत दोऱ्याचे छोटे रीळ असलेला एक टोचा मिळतो. त्याने कापड टोचायचे, सुई जराशी मागे घेऊन पलीकडे दोऱ्याचा फास तयार करायचा आणि त्या फासातून दोऱ्याचे दुसरे टोक ओवून टाका आवळायचा. अमेरिकेत तो शंभराहून अधिक वर्षे विकला जात आहे. पण फासातून टोक ओवून आवळायचा हा टाका आपल्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे चांभारकाका आरीने घालत असत, आणि दप्तराचा पट्टा त्या टाक्याने एकदा शिवला की दप्तर फाटे पण पट्टा तुटत नसे. मागच्या खेपेला गावाकडून मी एक आरी आणि मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा सोबत आणला. सामान विमानाच्या पोटात द्यायला विसरू नये, एवढीच सूचना. छत उघडे ठेवून एकाने शिडीवर, एकाने खाली उभे राहायचे, जुन्याच भोकांतून टाके घालत जायचे, म्हणजे कापडाला नवी भोके पडत नाहीत. हातभर शिवणीला शंभराच्या आसपास टाके लागतात आणि एक सकाळ पुरते. घाईघाईने चिकटपट्टी किंवा सिलिकोन फासण्याचा मोह मात्र टाळावा. पट्टीचा डिंक पुढे सुईला चिकटतो, आणि सिलिकोन एकदा लागले की त्यावर नंतर दुसरे काहीच धरत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून आपल्याकडेही हा विषय अगदी परका राहिलेला नाही. एप्रिल-मेचे ऊन आणि त्यापाठोपाठ कोकणातला पाऊस या जोडीत पॉलिएस्टरच्या दोऱ्याचे काय होईल, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. मात्र ट्रकची ताडपत्री शिवणारे, मांडवाचे कापड दर हंगामाला दुरुस्त करणारे लोक आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि हे काम त्यांच्या हातचे आहे. वाहनमालकाने त्यांच्याकडे जाताना योग्य दोरा आणि जाडीची सुई स्वतः नेऊन द्यावी. उरलेले त्यांना शिकवावे लागणार नाही.

तेव्हा चौकटीतील त्या विधानाची दुरुस्ती आपण पुढील पुरवणीत करावी, अशी नम्र विनंती आहे. लेखाच्या लेखकांनाही माझा निरोप कळवावा. छायाचित्रात त्यांच्या वाहनाच्या छताचा डावीकडचा जोड खालून दिसतो आहे आणि टाके सलग वाटतात. परंतु त्यांनी एकदा शिडी लावून तोच जोड वरून पाहावा, आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वी पाहावा.

कळावे, लोभ असावा.

आपला एक नियमित वाचक,
जिलाँग, ऑस्ट्रेलिया
(नाव न छापण्याची विनंती)